बॅगेवरचे हात

नोकरीतले बरेचसे तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यात असताना पकडला, हे आठवायला मला जुन्या सहकाऱ्यांना फोन करावा लागतो. या एका प्रकरणाचे मात्र तसे झालेले नाही. त्यात रक्त नव्हते, हाणामारी नव्हती, वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही छापूनही आले नाही. तरी ते मला बारीकसारीक तपशिलांसह आठवते, आणि त्याचे कारण फारसे अभिमानाचे नाही.

तेव्हा मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. घरोघरी तेलुगू बोलतात आणि दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. ठाण्यात नवीन बदलून आलेला शिपाई पहिले आठ दिवस ओरडून बोलतो, मग त्याचे कान सरावतात. हातमाग मात्र त्या भागातही फार थोडे उरले होते.

एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी एका बाईंना आत आणले. अक्कलकोट रस्त्याकडे त्यांचा छोटा कारखाना होता. तिथे त्या चामड्याच्या महागड्या हातबॅगा तयार करून घेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक बॅगेच्या दर्शनी बाजूला हातमागाच्या जुन्या कापडाचा एक तुकडा बसवलेला असे. कधी पैठणीचा पदर, कधी इरकलीचा काठ, तर कधी सोलापूरचे विणलेले चित्र. आमच्याकडचे विणकर भिंतीवर टांगायची चित्रे मागावर विणतात, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. त्यात रंग आणि कुंचला नसतो. माणसाचा चेहरासुद्धा रंगीत धाग्यांनी, एकेक ओळ करत उभा राहतो.

शनिवारी दुपारी बाईंच्या कारखान्यातून अशी एक बॅग चोरीला गेली होती. परदेशी व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी केलेला तो खास नमुना होता. बॅगेचा फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवला. तपकिरी चामडे, पितळी मूठ, आणि मधे विणलेल्या चित्राचा तुकडा. चित्रात एका बाईचे दोन हात होते आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या चरख्याची कड होती. चेहरा नव्हता. फक्त हात, त्यावरच्या हिरव्या बांगड्या आणि बोटांत धरलेले सूत.

"संशय कुणावर?" मी विचारले.

"कुणावर घेऊ, सर? शनिवारी मी विणकरांना नमुने घेऊन बोलावलं होतं. पंचवीस-तीस माणसं आली होती. सगळ्यांच्या खांद्याला पिशव्या होत्या. कॅमेरा फाटकावर आहे, आत नाही."

गुन्हा दाखल केला आणि तपास मी स्वतःकडे ठेवला. खरे सांगायचे तर तक्रारदार बाईंची वरपर्यंत ओळख होती आणि दुपारपर्यंत मला दोन फोन येऊन गेले होते.

बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला. बॅग सापडली होती. कारखान्याच्या फाटकाला कापडी पिशवीत घालून कुणीतरी ती अडकवून गेले होते. मी आणि माझे हवालदार लगेच गेलो. हे हवालदार अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. बॅग पिशवीतून काढल्यावर ते बघतच राहिले.

"साहेब, ह्यो चोर येडा हाय का? चामडं ठेवलं, पितळ ठेवलं, आन् चिंधी घेऊन गेला की!"

खरेच होते. बॅग जशीच्या तशी होती. मूठ जाग्यावर, चामड्यावर एक ओरखडा नाही. फक्त मधला विणलेला तुकडा नव्हता. शिवण कापलेली नव्हती, एकेक टाका उसवून सोडवलेली होती आणि उसवलेला दोरा गुंडाळून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला होता.

एवढ्या वर्षांत मी अनेक चोर पाहिले. चोर घाईत असतो. जे त्याच्या कामाचे नाही ते तो फेकतो, परत आणून देत नाही. इथे ज्याने हे केले त्याला बॅगेशी काही घेणेदेणे नव्हते, आणि दुसऱ्याचे काम बिघडू नये याचीही काळजी होती. हवालदार हसत होते, पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटले की हा गुन्हा आपण उलट्या बाजूने बघतो आहोत.

आमच्या ठाण्यात एक महिला पोलीस नाईक होत्या. त्या तिथल्याच विणकर घरातल्या, मोठ्या जिद्दीने भरती झालेल्या. मी त्यांना फोटो दाखवला.

"सर, हे चित्रातून कापून घेतलेलं आहे," त्या म्हणाल्या. "बॅगेत होतं तोवर शिवणीनं धरलं होतं. आता चारी कडांनी सूत सुटत जाणार. ज्यानं नेलंय त्याला जर हे टिकवायचं असेल, तर कडा बांधून घ्याव्या लागतील. आणि ते रफूवाल्याचं काम आहे."

नीट हातरफू करणारे शहरात किती उरलेत? हवालदारांना विजापूर वेशीजवळचे एक म्हातारे रफूगार ठाऊक होते. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. चाचा दुकानाच्या उंबऱ्याशी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी मोबाईलवरचा फोटो पुढे धरला. त्यांनी तो पाहिला आणि मान खाली घातली. एवढ्यावरूनच मी समजलो. विचारपूस करताना माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठे थांबतो, हे बघायची मला सवय होती.

"चाचा, आला होता ना?"

"हौ साब. आला था." मग ते मराठीत म्हणाले, "कडा बांधून दिल्या मी. पण साहेब, तो चोर नाही. मी काम करत होतो तेवढा वेळ तो कापडावर हात ठेवून बसला होता. दवाखान्यात आजारी माणसाशेजारी बसतात तसा. सांगतो कुठं राहतो ते, पण त्याला हात लावू नका."

मी शब्द दिला. पोलिसाने असा शब्द सहसा देऊ नये, पण दिला.

पत्ता आमच्याच हद्दीतला निघाला, ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा दारात आले. एका खोलीचे घर, निम्मी खोली हातमागाने अडवलेली. मागावर सूत चढवलेले नव्हते. तिथे स्वच्छ टॉवेल अंथरून त्यावर तो तुकडा ठेवला होता. त्यांनी लपवाछपवी केली नाही. पायात चप्पल घातली, नातीला तेलुगूत काहीतरी सांगितले आणि तुकडा टॉवेलसकट हातांवर घेऊन ते गाडीत बसले.

ठाण्यात मी त्यांना माझ्यासमोर खुर्ची दिली. दुभाषी म्हणून महिला नाईक शेजारी होत्या. त्या त्यांना ताता म्हणत होत्या. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात.

"ही बॅग तुम्ही नेली का?"

"नेली की," ते मराठीतच म्हणाले. "बॅग परत दिली. हे माझं हाय."

"तुमचं कसं?"

ते बराच वेळ बोलले, थोडे मराठीत, बरेचसे तेलुगूत. चित्रातले हात त्यांच्या पत्नीचे होते. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासाठी कांड्या भरत आली होती. तिला आजार झाला आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी तिचे चित्र विणायला घेतले. चरख्याशी बसलेली ती, मागे खिडकी, खिडकीत वाळत टाकलेल्या सुताच्या लडी. धाग्याच्या छटा तिनेच अंथरुणावरून निवडून दिल्या. तिचा रंग सावळा. ते जरा उजळ सूत उचलायचे आणि ती हसून ते बाजूला काढायला लावायची. चित्र पुरे झालेले तिने पाहिले. नंतर महिनाभरात ती गेली.

"मग ते चित्र कारखान्यात कसं गेलं?"

वर्षभर चित्र भिंतीवर होते. मग एक माणूस आला. चांगले कपडे, गोड बोलणे. जुन्या विणकरांच्या कामाचे पुस्तक काढायचे आहे, फोटो काढून आठ दिवसांत परत आणून देतो, म्हणाला. चिठ्ठी लिहून दिली. तो पुन्हा आला नाही आणि त्याचा फोनही लागेना. पुढे एक दिवस नातीने मोबाईलवर कसल्याशा प्रदर्शनाची छायाचित्रे बघता बघता आजोबांना हाक मारली. एका बॅगेवर आजीचे हात होते. आजोबांना ते ओळखायला क्षणही लागला नाही. कारखान्यात विणकरांना बोलावले आहे हे कळल्यावर ते नमुना घेऊन गेले. टेबलावर बॅग दिसली आणि त्यांनी ती पिशवीत टाकली.

"ताता," मी म्हणालो, "तुम्हाला फसवलं होतं, तर तेव्हाच पोलिसांकडे का नाही आलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती, थोडे आश्चर्य होते.

"आलो की. हितंच. अर्ज दिला."

महिला नाईक उठून गेल्या. अर्जांची आवक नोंदवही आणि बंद गठ्ठे काढायला त्यांना अर्धा तास लागला. परत आल्या तेव्हा त्यांनी एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. सात महिन्यांपूर्वीचा अर्ज होता. कुणाकडून तरी लिहवून घेतलेला, खाली आजोबांची तेलुगूत सही. मागे चिठ्ठी टाचणीने जोडलेली. आणि समासात शेरा होता: 'बाब दिवाणी स्वरूपाची. अर्जदारास समज दिली. दप्तरी दाखल.' त्याखालची सही माझी होती.

मी समज दिलेली नव्हती. मी अर्ज वाचलाही नसणार. 'एक विणलेले जुने कापड' एवढे शब्द डोळ्यांखालून गेले असतील आणि मी पुढचा कागद घेतला असेन. तेच कापड चामड्याच्या बॅगेवर बसून आले, तेव्हा मी त्याच दिवशी गुन्हा दाखल करून तपास स्वतःकडे घेतला होता.

त्या वेळी मी आजोबांसाठी चहा मागवला आणि कामाला लागलो. माणूस शरमला की कामात तोंड लपवतो.

आधी कापड त्यांचेच आहे हे सिद्ध करायला हवे होते. आजोबांनी घरून एक सुरळी आणवली. चित्र विणण्याआधी विणकर चौकटीच्या कागदावर ते रंगवून घेतो. एक चौकोन म्हणजे धाग्यांची ठरावीक संख्या. त्याला ते आलेख म्हणतात. मी दोन अनुभवी विणकरांना पंच म्हणून बोलावले. मोठ्या टेबलावर आलेख पसरला आणि त्यावर तो तुकडा ठेवून पंचांनी सुईच्या टोकाने चौकोन मोजायला सुरुवात केली. अंगठ्याच्या नखापासून चरख्याच्या कडेपर्यंत सगळे जुळले. एका बांगडीत आलेखापेक्षा एक ओळ जास्त होती. पंचांनी मान वर केली.

"तिथं ती हाक मारली," आजोबा म्हणाले. "मी उठून गेलो. परत आलो आन् मोजायला चुकलो."

पंचनाम्यात मी ती जास्तीची ओळ नोंदवली. ती का पडली हे लिहायला पंचनाम्यात जागा नसते.

बाईंना बोलावले. आलेखावरचे पूर्ण चित्र बघून त्या खुर्चीवर बसल्या. त्या एका कापडातून त्यांनी तीन बॅगा केल्या होत्या. एकीवर हात, दुसरीवर चेहरा, तिसरीवर खिडकी. कापड त्यांनी एका पुरवठादाराकडून रीतसर घेतले होते आणि त्याची पावतीही होती. त्या खोटे बोलत नव्हत्या.

पुरवठादार शहराच्या जुळे सोलापूर या भागात राहत होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या गाडीने ठाण्यात आला, हसतमुख.

"सर, मी जुनी कला वाचवतो. लोकांच्या घरात हे सगळं पडून असतं. हे कापड मी मंगळवेढ्याच्या बाजारात एका फेरीवाल्याकडून घेतलं. त्याचं नाव कसं लक्षात राहणार?"

मी आवाज चढवला नाही. चढवायची गरजही नव्हती. मी त्याला कोरे कागद दिले. "तुमचा जबाब तुमच्याच हाताने लिहा. कापड कसं मिळवता, गिऱ्हाइकाला कसं दाखवता, सगळं सविस्तर लिहा." त्याने पाऊण तासात तीन पाने लिहिली. लिहिताना तो खूश होता, आपल्या धंद्याबद्दल लिहायला त्याला आवडत होते. कापडाची छायाचित्रे काढून तो गिऱ्हाइकांना पाठवत असे. हा शब्द तीन पानांत चार ठिकाणी आला होता आणि चारही ठिकाणी त्याने 'छायाचीत्र' असा लिहिला होता, दीर्घ ईकार देऊन.

मी अर्जाला जोडलेली चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. 'विणलेले कापड नग एक, छायाचीत्र काढण्यासाठी घेतले, आठ दिवसात परत.' नाव खोटे होते, पण अक्षर तेच होते.

त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "सर, ते त्या घरात पडून कुजून गेलं असतं."

"ते पडलेलं नव्हतं," मी म्हणालो. "भिंतीवर होतं."

नंतर सगळे कागद हस्ताक्षर तज्ज्ञांकडे गेले आणि त्यांचा अहवालही तसाच आला. वस्तीत बातमी पसरली तशी आणखी चार घरांतून त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या एकानेही तक्रार दिलेली नव्हती. का दिली नाही, असे मी त्यांना विचारले नाही. मला उत्तर माहीत होते.

चेहऱ्याची बॅग मुंबईच्या एका दुकानात होती आणि एका गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली होती. बाई स्वतः मुंबईला जाऊन ती घेऊन आल्या. खिडकीची बॅग परदेशात विकली गेली होती. बाईंनी तिथे तीन-चार वेळा लिहिले, पण उत्तर आले नाही. तो तुकडा आजही कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

बाई आणि आजोबा समोरासमोर आले ते माझ्या खोलीत. बाई उभ्याच राहिल्या.

"बाबा, मला तो कुणाचा चेहरा आहे असं वाटलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला रंग दिसले. विणकाम दिसलं. कुणाचं आहे हे मी विचारायला हवं होतं."

आजोबांनी बॅग हातात घेतली. पत्नीच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिले, मग अंगठा चामड्याच्या कडेवरून फिरवत नेला.

"शिवण लई चांगली हाय. कोण शिवतं?"

 बाईंनी कारागिराबद्दल सांगितले आणि चाचरत विचारले, की ते त्यांच्यासाठी काही विणतील का.

"विणतो की. माग रिकामाच हाय," आजोबा म्हणाले. "विकायला विणलेलं असलं की कापा, मूठ लावा, काय पाहिजे ते करा. हे विकायला विणलं नव्हतं."

त्यानंतरचे काम मला अवघड गेले. चेहऱ्याचा तुकडा बॅगेतून उसवून घेतल्यावर दोन्ही तुकडे मुद्देमाल म्हणून जमा करावे लागणार होते. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ते आजोबांना देता येणार नव्हते. मी हे समजावून सांगितले. ज्या माणसाचे कापड एकाने चिठ्ठी देऊन नेले होते, त्याच्याकडून आता मी पावती देऊन तेच नेत होतो.

"घडी घालू नका," एवढेच ते म्हणाले. "घडीवर सूत मरतं."

हवालदारांनी कुठून तरी पुठ्ठ्याची जाड नळी आणली. तिच्यावर मऊ कापड गुंडाळून आम्ही दोन्ही तुकडे सैल गुंडाळले आणि मुद्देमाल खोलीत आडवे ठेवले. कारकुनाने नळीवर क्रमांक चिकटवला. कापडाला मी डिंक लागू दिला नाही.

आजोबांनी आपलीच वस्तू आपली समजून नेली होती. त्यात चोरीचा हेतू नव्हता. त्या गुन्ह्यात मी कोर्टाला 'क' समरी अहवाल, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवला आणि तो मंजूर झाला. पुरवठादारावर फसवणूक आणि अपहाराचा वेगळा गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्र पाठवले. माझ्या निवृत्तीनंतर मी त्या खटल्यात साक्ष द्यायला गेलो. त्याला शिक्षा झाली. सात महिन्यांपूर्वीच्या अर्जावरच्या शेऱ्याबद्दल मी वरिष्ठांना लेखी कळवले होते, त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे.

तुकडे जमा केल्यावर महिनाभराने कोर्टाचा सुपूर्दनाम्याचा, म्हणजे ते आजोबांच्या ताब्यात देण्याचा, हुकूम आला. आजोबा दुपारी ठाण्यात आले. सह्या झाल्या, नळी त्यांच्या हातात दिली. ते उठायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवले. तो जुना अर्ज मी फाईलमधून काढून टेबलावर ठेवला होता. मी महिला नाईकांना शेरा तेलुगूत वाचून दाखवायला सांगितला. त्यांनी वाचला. मग मी म्हणालो, "ताता, ही सही माझी आहे. त्या दिवशी मी तुमचं ऐकून घेतलं असतं, तर चित्र कापलं गेलं नसतं."

बॅगा कधी शिवल्या हे मी बाईंच्या नोंदींवरून तपासले होते. अर्जाच्या तारखेला कापड अखंड होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते कापले गेले.

आजोबांनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते चिडतील, निदान गप्प राहतील, असे मला वाटले होते. त्यांनी समजावणीच्या सुरात मला सांगितले,

"तुमी जेवत होता, साहेब. डबा उघडा होता, मी बाहेरनं बघितलं. जेवताना माणसाला काय सांगायचं? मीच अवेळी आलो."

आणि नळी छातीशी धरून ते गेले.

नोकरीत मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, आरोपींच्या शिव्या ऐकल्या. ते सगळे विसरलो. हे वाक्य राहिले. लोक आमच्यावर चिडतात तोवर ठीक असते. आम्ही ऐकत नाही यात आपलीच काही चूक असेल, असे ज्याला वाटते, त्याचे आम्ही किती नुकसान केले आहे हे कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

उरलेल्या तीन वर्षांत मी एक नियम पाळला. कुणाचाही अर्ज बंद करायचा असेल तर अर्जदाराला समोर बसवायचे आणि शेरा लिहिण्याआधी तो त्याला त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा. वरकरणी साधी गोष्ट आहे. पण 'दप्तरी दाखल' हे शब्द समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत उच्चारून पाहा. दहापैकी सहा वेळा मी पेन खाली ठेवले आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लावले.